इंजिन उतरवताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात पोरांना यंत्र शिकवण्यात हयात घालवली. व्हर्निअर कसा धरायचा, मायक्रोमीटर कुठवर आवळायचा, जॉबवरून बोट फिरवून फिनिश कसे ओळखायचे, हे त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे आज भोसरीत, चाकणला, रांजणगावला, सातपूरला शेड चालवत आहेत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मोटारीबद्दल बोलायचे, तर ती विकत घेणाऱ्याच्या आधी ती घडवणाऱ्याचा विचार करावा लागेल. आजचे पुष्प गुंफताना मी तेच करणार आहे.

पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हळूहळू मागे पडणार आणि विजेच्या व हायब्रिड गाड्या येणार, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. चर्चाही खूप होते. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, बॅटरी किती वर्षे टिकते, सबसिडी आहे की गेली, सेकंडहँडला भाव येतो का. हे प्रश्न रास्तच आहेत. घर चालवणाऱ्या माणसाने लाखो रुपये घालण्याआधी ते विचारलेच पाहिजेत. पण माझा प्रश्न वेगळा आहे. या बदलाची किंमत कोण मोजणार आणि ती मोजायला त्याला किती मुदत मिळणार?

इतिहासात फार रमत नाही, पण एक गोष्ट सांगतो. विजेची मोटार नवी नाही. १८९९ साली कामील जेनात्झी या बेल्जियन माणसाने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा पहिल्यांदा ओलांडली, ती विजेच्या गाडीतून. १९०० च्या सुमारास तरुण फर्डिनंड पोर्शने पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत बसवून दाखवली होती. अमेरिकेत तेव्हा विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांच्या बरोबरीने रस्त्यावर होत्या. मग टेक्सासात तेल सापडले, फोर्डने गाडी स्वस्त केली आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकला बटणस्टार्टर आला. हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेची गाडी बाजारातून गेली. एक तंत्र जाऊन दुसरे येते तेव्हा यंत्राचे गुण मोजले जातात, तसेच त्याच्याभोवती उभी राहिलेली सगळी व्यवस्थाही मोजली जाते. गेली शंभर वर्षे ती व्यवस्था इंजिनाभोवती उभी राहिली. आपले पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर ही सगळी शहरे त्या व्यवस्थेवर वाढली आहेत.

ही व्यवस्था म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहू. चार सिलिंडरच्या आधुनिक इंजिनात साधारण सोळा व्हॉल्व्ह असतात. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे तोंड तापून लाल होते. तरीही मिटताना त्याची कड सीटवर अशी बसली पाहिजे की आतला वायू बाहेर निसटता कामा नये. म्हणून त्याच्या दांड्याचा व्यास मायक्रॉनमध्ये राखावा लागतो. सेंटरलेस ग्राइंडरवर उभा असलेला ऑपरेटर मधूनच एक जॉब उचलतो, पुसतो, डायल गेजखाली धरतो. काटा उजवीकडे सरकू लागला की त्याला कळते, व्हील झिजले, ड्रेसिंग करायला झाले. जाणता कारागीर पुष्कळदा गेजच्याही आधी ओळखतो, ठिणग्यांच्या रंगावरून आणि आवाजावरून. ही विद्या मी पुस्तकात वाचलेली नाही. ती वीस-वीस वर्षे एकाच मशिनसमोर उभे राहून अंगात मुरते.

आता विजेची मोटर पाहा. तिच्यात फिरणारा मुख्य भाग एकच, रोटर. भोवती स्टेटर, त्यावर तांब्याची वाइंडिंग, दोन बाजूंना बेअरिंग. पुढे एक साधी गिअरजोडी आणि हे सगळे सांभाळणारा इन्व्हर्टर. व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही, रिंग नाही, कॅमशाफ्ट नाही, इंजेक्टर नाही, सायलेन्सर नाही, स्पार्कप्लग नाही, ऑइल फिल्टर नाही. यातल्या प्रत्येक ‘नाही’मागे आपल्या राज्यात कुठेतरी एक शेड आहे, शेडवर बँकेचे कर्ज आहे आणि त्या शेडमध्ये पाच-पंचवीस घरे पोसली जात आहेत.

कोल्हापूरचे उदाहरण मला अधिक काळजीचे वाटते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांनी देशभरच्या वाहनधंद्याला बिडाचे कास्टिंग पुरवले. ऑइल इंजिनांपासून सुरू झालेला हा वारसा आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ओतणे हे ओतकामातले अवघड काम मानले जाते, कारण आत पाण्याचे आणि तेलाचे मार्ग कोअर लावून सोडावे लागतात. विजेच्या गाडीला ब्लॉकच नको. तिला मोटरचे आणि गिअरचे हाउसिंग हवे, बॅटरीचा तळ हवा, आणि हे बहुतेक अॅल्युमिनियमचे, प्रेशर डायकास्टिंगचे काम. वाळूच्या साच्यात बीड ओतणारी फाउंड्री उद्या सकाळी उठून अॅल्युमिनियमची डायकास्टिंग करू शकत नाही. भट्टी वेगळी, साचे वेगळे, मशिन काही कोटींचे, आणि मुख्य म्हणजे माणसाच्या हातातली समज वेगळी. ब्रेक ड्रम, अॅक्सलची हाउसिंग, ट्रॅक्टर, पंप ही कामे राहतील, त्यामुळे फाउंड्री उद्याच बंद पडेल असे मी म्हणत नाही. पण ज्या फाउंड्रीची निम्मी ऑर्डर इंजिनाची आहे, तिच्या मालकाने आज झोप घालवून विचार केला पाहिजे.

मग हा बदल होऊच नये, असे म्हणायचे का? मुळीच नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. पेट्रोलचे इंजिन इंधनातली पंचवीस-तीस टक्के ऊर्जाच चाकापर्यंत पोहोचवते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून वाया जाते. आणि पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जो धूर जातो, त्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात धरलेला नाही. बदल हवा, आणि लवकर हवा. पण कोणत्या गाडीपासून सुरुवात करायची, हे ठरवताना भावनेच्या आधी गणित मांडावे. कागद-पेन्सिल घेऊन घरीही करता येईल असे सोपे गणित आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शहरात लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी धरली, तर किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम. त्याच आकाराची हायब्रिड गाडी २२-२३ किलोमीटर चालते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवते. तिचे पडतात सुमारे १०० ग्रॅम. आता विजेची गाडी. आपल्या देशात अजून सुमारे सत्तर टक्के वीज कोळशावर तयार होते आणि सरासरी एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. एका युनिटला गाडी सहा-साडेसहा किलोमीटर चालते असे धरले, तर हिशेब ११० ते १३० ग्रॅमच्या घरात येतो. पेट्रोल शुद्ध करतानाचे उत्सर्जन पहिल्या दोन्हींत मिळवा, बॅटरी बनवतानाचे आणि तारांमधल्या गळतीचे तिसरीत मिळवा. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण निष्कर्ष बदलत नाही. आजच्या आपल्या विजेवर मोठी हायब्रिड आणि मोठी विजेची गाडी कार्बनच्या बाबतीत जवळपास बरोबरीत आहेत, आणि दोघीही पेट्रोलच्या गाडीपेक्षा चांगल्या आहेत.

पण एक फरक फार मोलाचा आहे. हायब्रिड गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशी जेवढी स्वच्छ, त्याहून अधिक स्वच्छ ती कधी होणार नाही. विजेच्या गाडीचे तसे नाही. वीज जसजशी सूर्यावर आणि वाऱ्यावर येईल, तसतशी तीच गाडी, काहीही न बदलता, वर्षागणिक स्वच्छ होत जाते. म्हणून पल्ल्याचा विचार केला तर विजेची गाडीच बरोबर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हेच गणित स्कूटरला लावा. लिटरला ४५ किलोमीटर चालणारी पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला पन्नास ग्रॅम सोडते. विजेची स्कूटर एका युनिटला तीस-पस्तीस किलोमीटर चालते, म्हणजे कोळशाची वीज वापरूनही पंचवीस ग्रॅमच्या आसपास. सरळ निम्मे. आणि आपल्या देशातल्या दर चार वाहनांपैकी जवळजवळ तीन दुचाकी आहेत. रिक्षांच्या बाबतीत तर देशाने आधीच कौल दिला आहे. नव्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक आता विजेवर आहेत, आणि हे कोणी मोठ्या जाहिराती करून घडवलेले नाही. रिक्षावाल्याने संध्याकाळी गल्ला मोजला आणि निर्णय घेतला.

बसचा तर विचारच वेगळ्या मापाने करावा. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसे जातात, ती बस दिवसभर रस्त्यावर असते, ठरलेल्या मार्गाने जाते आणि रात्री डेपोत येते. विजेसाठी याहून सोयीचे वाहन नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पुण्यात पीएमपीएमएलच्या विजेवरच्या बस धावू लागल्या. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये दुमजली वातानुकूलित बस विजेवर आणली. आणि एसटीची पहिली विजेवरची बस, शिवाई, १ जून २०२२ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी याच मार्गावर धावली होती. तेव्हाचे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. ही एसटीची परंपरा जपणारी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

तेव्हा माझा क्रम असा आहे. आधी बस, रिक्षा, स्कूटर आणि शहरातल्या मालवाहू गाड्या पूर्णपणे विजेवर आणा. सरकारी पैसा आणि चार्जिंगची जागा आधी त्यांना द्या. खासगी मोटारीला अग्रक्रम देऊ नका. पंचवीस लाखांच्या गाडीला करसवलत देताना सिटी बसच्या थांब्यावर अर्धा तास उभ्या असलेल्या मुलीचा विचार आधी झाला पाहिजे.

कोणी म्हणेल, नॉर्वेने तर मोटारींपासूनच सुरुवात केली. खरे आहे. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या होत्या. पण नॉर्वेची जवळपास सगळी वीज पाण्यावर तयार होते. नव्वदच्या दशकापासून त्यांनी विजेच्या गाड्यांवरचे कर माफ करत आणले, म्हणजे तीस वर्षे एकच धोरण नेटाने चालवले. आणि नॉर्वेत मोटारीचे सुटे भाग बनवणारी भोसरी नाही, ओतकामाचे कोल्हापूर नाही. त्यांच्याकडून घ्यायचा असेल तर सातत्याचा धडा घ्यावा. आपल्याकडे दर अर्थसंकल्पाला सवलती बदलतात, तेव्हा ग्राहकही थांबतो आणि शेडवालाही थांबतो.

विजेच्या उगमाबद्दल आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. पुण्यातली गाडी धूर सोडणार नाही, पण तिची वीज चंद्रपूरहून येत असेल, तर तो धूर चंद्रपूरला पडतो. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. तिथल्या माणसांनी राखेचा आणि धुराचा त्रास वर्षानुवर्षे सोसला आहे. आपली हवा स्वच्छ करताना त्यांची आणखी बिघडवणे हा अन्याय होईल. यावर उपाय अवघड नाही. आपण आज गाडी रात्री चार्ज करतो, जेव्हा सूर्य नसतो आणि भार कोळशावर असतो. राज्यात सौर वीज झपाट्याने वाढते आहे, ती मिळते दुपारी. दुपारी गाड्या कुठे असतात? हिंजवडीच्या कंपन्यांच्या पार्किंगमध्ये, एमआयडीसीच्या फाटकाआत, महाविद्यालयांच्या आवारात. तिथे साधे, मंद चार्जर बसवा. पंधरा अँपिअरच्या प्लगवर आठ तासांत माणसाची आठवड्याची ये-जा भागेल एवढी वीज भरते. महामार्गावर फास्ट चार्जर हवेतच, पण रोजच्या वापराचा प्रश्न कामाच्या ठिकाणचा प्लग सोडवेल. आणि ज्यांना घरीच चार्ज करावे लागते, त्यांच्यासाठी सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत नकाराचे ठराव करू नयेत. स्वतंत्र मीटर घ्या, वायरिंग नीट करा, एमसीबी आणि अर्थिंग तपासा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यातली एक पुण्यात. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. भीती बाळगण्यापेक्षा नियम पाळणे अधिक सुरक्षित आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शेडवाल्याला मुदत किती?

मला वाटते, हायब्रिड गाडीचे आपल्या राज्यातले खरे महत्त्व इथे आहे. १९९७ च्या डिसेंबरमध्ये टोयोटाने जपानात प्रिअस विकायला काढली, तेव्हापासून हे तंत्र हळूहळू मुरत गेले आहे. हायब्रिडमध्ये इंजिन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आहे, पिस्टन आहे, ब्लॉक आहे. त्याच गाडीत मोटर, इन्व्हर्टर आणि उच्च दाबाची बॅटरीही आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ ऑरिक औद्योगिक वसाहतीत अशा गाड्यांच्या मोठ्या कारखान्यासाठी २०२४ मध्ये करार झाला. या गाड्या चालतील तेवढी वर्षे इंजिनाचे काम पूर्ण थांबणार नाही, आणि त्याच काळात नवे काम शिकता येईल. पण ही मुदत आहे, माफी नाही. बँकेने हप्त्याला मुदत दिली म्हणजे कर्ज फिटले असे होत नाही. हायब्रिडकडे बोट दाखवून जो कारखानदार पुढची दहा वर्षे तेच मशिन, तोच जॉब आणि तेच गिऱ्हाईक धरून बसेल, तो स्वतःबरोबर आपल्या कामगारांनाही बुडवील.

वेळीच वळण घेता येते, याची खूण आपल्याच गावात आहे. आकुर्डीत ज्या जागी एके काळी पेट्रोलची चेतक तयार होत असे, त्याच जागी २०२२ पासून विजेची चेतक तयार होते. रांजणगावला नेक्सॉन मोटारीची पेट्रोल आणि विजेची आवृत्ती शेजारी शेजारी तयार होते. चाकणला महिंद्राच्या नव्या विजेच्या मोटारी बनतात. मोठ्या कंपन्यांनी वळण घेतले. प्रश्न आहे तो त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या वेंडरचा, ज्याच्याकडे ना संशोधन विभाग आहे, ना शिल्लक भांडवल.

त्याच्यासाठी काम आहे. मोटरच्या स्टेटरला पातळ लॅमिनेशनची चळत लागते, ते प्रेसशॉपचे काम. बॅटरीला तांब्याच्या बसबार लागतात, थंड ठेवणाऱ्या प्लेट लागतात. मोटर मिनिटाला वीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरू शकते आणि इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून तिच्या गिअरचा दात इतका गुळगुळीत लागतो की किंचितही कण्हला तर प्रवाशाला ऐकू येतो. अशा गिअरचे ग्राइंडिंग कोण करणार? जो आज ठिणगीच्या रंगावरून व्हील ओळखतो, तोच. त्याच्या हातातले कौशल्य वाया जाणारे नाही. त्याला फक्त नवे ड्रॉइंग, नवे गेज आणि शिकायला सहा महिने पगारी वेळ हवा आहे.

गॅरेजवाल्यालाही वेळ हवा आहे. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून टॅपेट वाजतो की बेअरिंग, हे सांगणारे मिस्त्री आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. विजेच्या गाडीत त्यांना नारिंगी रंगाच्या केबल दिसतील. त्या उच्च दाबाच्या. त्यांना हात लावण्याआधी रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढायचा, काही मिनिटे थांबायचे, मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करायची आणि मगच पाना उचलायचा. हे न शिकवता कोणाला गाडीखाली पाठवले तर त्याचा जीव जाईल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांचा स्वतंत्र ट्रेड आता आहे. पण तो नव्या पोरांसाठी. चाळिशीतल्या, दुकान सोडून वर्षभर वर्गात बसू न शकणाऱ्या मिस्त्रीसाठी संध्याकाळचे वर्ग हवेत, मराठीतून हवेत, आणि सरावाला खरी बॅटरी, खरी मोटर हवी.

परावलंबनाचाही विचार करा. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि काही महिन्यांतच त्याचा फटका आपल्या विजेच्या स्कूटरींच्या उत्पादनाला बसला. बॅटरीतले सेल अजून मोठ्या प्रमाणावर बाहेरूनच येतात. तेलासाठी आखाताकडे पाहणारा देश उद्या सेल आणि चुंबकासाठी चीनकडे पाहत बसला, तर आपण काय मिळवले? चुंबकाविना चालणाऱ्या मोटरी बनवता येतात, जुन्या बॅटऱ्यांमधून लिथियम, कोबाल्ट आणि निकेल परत काढता येते. २०२२ च्या नियमांनी बॅटरी उत्पादकांवर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली आहेच. हे काम पुण्यासारख्या शहरात, जिथे एआरएआयसारखी वाहन संशोधन संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि लेथवर हात बसलेली माणसे आहेत, तिथे व्हायला हवे.

या सभागृहात कारखानदार आहेत, प्राचार्य आहेत, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आहेत, काही माजी नगरसेवकही दिसतात. तुम्हा सर्वांना माझी विनंती आहे. कारखानदारांनी आपल्या दर दहा कामगारांपैकी एकाला यंदाच पगारी रजेवर नव्या कामाचे प्रशिक्षण घ्यायला पाठवावे, आणि ज्याचे वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यालाही वगळू नये. प्राचार्यांनी वर्कशॉपची दारे संध्याकाळी गॅरेजवाल्यांसाठी उघडावीत. संघटनांनी पगारवाढीच्या करारात प्रशिक्षणाचे कलम घालून घ्यावे. आणि राज्य सरकारकडे आपण सगळ्यांनी मिळून एकच मागणी लावून धरावी, की पेट्रोल-डिझेलवरच्या करातून दरवर्षी जी रक्कम जमा होते, तिचा ठरावीक वाटा सुट्या भागांच्या लहान कारखान्यांना नवी मशिन घेण्यासाठी आणि कामगारांना नवे काम शिकवण्यासाठी वेगळा काढून ठेवावा. जोवर पेट्रोल विकले जाते आहे, तोवरच हा पैसा आहे. तो मागण्याची वेळ आत्ताची आहे.